प्रदर्शनाला वांगं न्यायचं असेल, तर बी जुलैत टाका

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुठल्या तरी शाळेतले सर असतात, नाहीतर कुणाची तरी आई. "मॅडम, पंधरा दिवसांवर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलंय. शेतीचा एखादा सोपा प्रकल्प सांगा ना." पंधरा दिवसांत मटकीला मोड येतात, प्रकल्प होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हे वाचायचं ते जुलैत. डिसेंबरात हाती लागलं तर पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेत एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. माहेर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. घरात शेती होती, तरी माझा पहिला प्रकल्प थर्माकोलचाच होता. ठिबक सिंचनाचं मॉडेल, तेही मी स्वतः रात्री जागून बनवलेलं. वर्गातल्या मुलीचं काम काय, तर पाठ केलेलं बोलायचं. परीक्षकांनी तिला विचारलं, "या एका ड्रीपरमधून तासाला किती पाणी पडतं?" ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी छताकडे. तिच्या स्वतःच्या शेतात कापसाला ठिबक होतं. ड्रीपरखाली एक मापटं धरलं असतं तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

पुढच्या वर्षी आम्ही तेच केलं. तासाला चार लिटरचा ड्रीपर म्हणजे पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी पडायला हवं. मुलांनी नळीच्या सुरुवातीचे दहा आणि शेवटचे दहा ड्रीपर मोजले. सुरुवातीचे बरोबर होते. शेवटच्या दहांतले तीन क्षारांनी जवळजवळ बुजलेले निघाले आणि बाकीचे सातही कमी पाणी देत होते. खर्च शून्य. ज्या मुलाच्या शेतात मोजलं त्याच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी नळीच्या टोकाचं बूच काढून नळ्या धुतल्या. माझ्या मते चांगल्या प्रकल्पाची खूण हीच की घरातला मोठा माणूस उठून काहीतरी करतो.

आधी उलटं मोजा

प्रदर्शनाची तारीख अजून जाहीर झाली नाही म्हणून थांबू नका. आमच्याकडे तालुका पातळी बहुधा डिसेंबर-जानेवारीत येते. 1 जानेवारी धरा आणि पिकाचं वय मागे मोजत जा. वांग्याचं रोप वाफ्यात पाच आठवडे. लावणीनंतर पहिलं फळ तोडायला साधारण सत्तर दिवस. एकाच तोड्यावर काही सिद्ध होत नाही, दोन-तीन तोडे हवेत, म्हणजे आणखी तीन आठवडे. झाले जवळजवळ एकशेतीस दिवस. 1 जानेवारीपासून मागे गेलात तर 24 ऑगस्ट येतो. त्यात एकदा रोपं मरणार, हे मी नेहमीच धरते. म्हणून जुलै संपायच्या आत बी मातीत गेलं पाहिजे.

एवढा धीर नसेल तर भेंडी घ्या, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी होते. पाचवी-सहावीच्या मुलांना मेथी, पालक, मुळा. लहान मुलांना चार महिने एका झाडाकडे बघायला सांगणं हा अन्याय आहे, त्यांना महिन्याभरात काहीतरी उपटायला मिळालं पाहिजे.

प्रश्न घरातून उचला

"सेंद्रिय शेती : काळाची गरज" हा प्रश्न नव्हे, तो निबंध आहे. प्रश्नाला खूण असते, त्याचं उत्तर आकड्यात येतं.

आमच्या दोन मुलींना भरताचा प्रश्न सुचला. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं आणि विचारलं, "मॅडम, आपल्या नेहमीच्या काटेरी वांग्याचं भरीत केलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं, करून बघा. त्यांनी दोन्ही वांगी एक-एक किलो आणली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, साल-देठ काढून गर तोलला. मग न भाजलेलं प्रत्येकी एक वांगं आडवं कापून बिया मोजल्या. बिया मोजायला दोन तास लागले. भरताच्या वांग्याचा गर किलोमागे 640 ग्रॅम भरला, काटेरीचा बराच कमी, आणि बिया कितीतरी जास्त. उरलेल्या गराचं लसूण-मिरचीचं भरीत झालं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर सगळ्या वर्गानं खाल्लं. हिरव्या मिरचीच्या खुडीचं प्रमाण मात्र त्यांनी लिहून ठेवलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

खानदेशात अशा प्रश्नांची कमी नाही. चोपडा, यावल, रावेरकडे राहत असाल तर थंडीत केळीला चरका बसतो तेव्हा नवं पान निघायला किती दिवस लागतात? पानाला तारखेची चिठ्ठी बांधा, नोव्हेंबरात एक आणि जानेवारीत एक. शहादा-नंदुरबारकडे पपई आणि मिरची आहे : पिवळ्या चिकट पत्र्यावर आठवड्याला किती पांढरी माशी सापडते? जुना तेलाचा पत्र्याचा डबा कापून पिवळा रंगवला, वर एरंडेल चोपडलं की सापळा तयार. धडगावकडची मुलं आमचूर घेऊ शकतात : कैरीच्या फोडी पत्र्यावर, चटईवर आणि जाळीवर वाळवल्या तर किती दिवसांत किती वजन उरतं? जळगावकडे मेहरूणची बोरं. रानबोरीवर मेहरूणचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं, आणि वीसपैकी किती जगले ते मोजायचं. हे शेवटचं काम पावसाळ्याच्या तोंडी करतात आणि त्याला गावातला एखादा माळी शिकवायला लागतो, पण नववी-दहावीच्या मुलांचे हात त्यात फार छान बसतात.

सगळ्यात स्वस्त प्रकल्प हवा असेल तर बियाणं तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळी करा, रोज पाणी शिंपडा, आठव्या दिवशी उघडून मोड आलेले मोजा. शंभरपैकी जेवढे उगवले तेवढे टक्के. घरचं बी, गेल्या वर्षीचं उरलेलं पाकीट आणि नवं पाकीट, अशा तीन गुंडाळ्या केल्या की प्रकल्प उभा राहतो. आमच्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीपासून येतं. मुलांनी आजोबांना विचारून केलं तर अर्धं काम तिथेच झालं.

बिनखताची ओळ

आता मुद्द्याचं. दर प्रदर्शनात केळीच्या सालीचं खत असतंच. तीन टेबलांवर तरी असतं. एक हिरवंगार झाड, शेजारी बरणीत काळं पाणी, वर चिठ्ठी. पण ते झाड सालीमुळेच हिरवं आहे कशावरून? तसंच दुसरं झाड, त्याच मातीत, त्याच दिवशी लावलेलं, तेवढंच पाणी दिलेलं, फक्त साल न दिलेलं, ते कुठे आहे? ते नसेल तर परीक्षकानं उठून पुढच्या टेबलावर जावं असंच मला वाटतं.

आम्ही ही परीक्षा घेतली. पालकाच्या दहा कुंड्यांना सालीचं पाणी, दहांना साधं पाणी. चाळीस दिवसांनी पालक कापून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला. दोन्हीकडे जवळपास सारखा. मुलं हिरमुसली. एक जण म्हणाला, "मॅडम, प्रकल्प वाया गया." मी म्हटलं, वाया कसा? का फरक पडला नाही ते शोधा. शाळेजवळच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका आणली. माती काळी, पालाश म्हणजे पोटॅश आधीच भरपूर. सालीत असतो तो मुख्यतः पालाश. पालकाला हवं असतं नत्र, ते सालीत थोडंच. जेवण झालेल्या माणसाला पुन्हा भाकरी वाढल्यासारखं झालं ते. या उत्तराला तालुक्यात तिसरा नंबर मिळाला. पहिला नंबर दिवे लागणाऱ्या एका मॉडेलला गेला. असो.

ओळी आखताना माझ्याकडून झालेली एक चूक तुम्ही करू नका. एका वर्षी मिरचीची खत दिलेली ओळ उन्हात होती आणि बिनखताची ओळ लिंबाच्या झाडाखाली आली. रोपं लावताना लक्षातच आलं नाही, कारण जुलैत आभाळ भरलेलं असतं, सावली कुठे पडते ते कळत नाही. ऑक्टोबरात उघडीप झाली तेव्हा दिसलं की आम्ही खत नाही, सावली मोजतोय. आता आम्ही चिठ्ठ्या टाकतो : वीस जागा, दहा चिठ्ठ्यांवर "दिलं", दहांवर "नाही". ज्या जागेला जी चिठ्ठी निघेल ती. दहापेक्षा कमी झाडं घेऊ नका. दोन-तीन शेळी खाते, एक-दोन मर लागून जातात, आणि उरलेल्या दोन-तीन झाडांवर कुणाचा विश्वास बसत नाही.

एकावेळी एकच गोष्ट बदला. खतही वेगळं आणि पाणीही वेगळं केलंत तर शेवटी कशानं काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही.

वही

शंभर पानी आखीव वही, दोन रंगांची पेनं, टेलरची टेप. खोडरबरला माझ्याकडे बंदी आहे. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. दर सोमवारी आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीत : तारीख, आभाळ कसं होतं, पाणी दिलं का, झाडाची उंची, पानं, फुलं, आणि "विशेष" नावाचा एक रकाना. हा विशेषचा रकाना मुलं सुरुवातीला कोरा ठेवतात. मग हळूहळू त्यात येतं : "सात नंबरच्या झाडावर काळ्या मुंग्या. मुंग्यांखाली मावा." "आज सतीश आला नाही, पाणी मी दिलं." परीक्षक वही उघडतात तेव्हा त्यांची नजर तिथेच थांबते, हे मी पाहिलं आहे. अगदी स्वच्छ, एका रात्रीत उतरवून काढलेली वही त्यांना लगेच ओळखू येते. मातीचे डाग असू द्या.

सरासरी काढायला सातवीच्या मुलांना येतं. पण फक्त सरासरी लिहू नका, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं झाडही लिहा. "सरासरी 42 सेंटिमीटर" यापेक्षा "31 पासून 55 पर्यंत, सरासरी 42" हे जास्त खरं असतं.

दिवाळीची सुट्टी

बहुतेक प्रकल्प इथेच मरतात. शाळा बंद, शिपाईदादा गावाला, आणि खानदेशातलं ऑक्टोबरचं ऊन. माझी दोन वर्षं अशी गेली. सुट्टीहून परतल्यावर फाटकातच एक मुलगी उभी होती, डोळ्यांत पाणी. "मॅडम, रोपं जळी गयात!"

तिसऱ्या वर्षी मडकी पुरली. कुंभाराकडून पाच लिटरची, रंग न दिलेली, भाजलेल्या लाल मातीची मडकी घ्यायची. चार रोपांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरायचं, वर खापर ठेवायचं, नाहीतर डास होतात आणि खारुताई बुडते. माती कोरडी पडेल तसं पाणी मडक्याच्या अंगातून पाझरतं आणि मुळं त्याच्याकडे वळतात. आमच्या जमिनीत एकदा भरलेलं मडकं चार दिवस पुरलं. म्हणजे वीस दिवसांच्या सुट्टीत पाच फेऱ्या. गावात राहणाऱ्या पाच मुलांची नावं फळ्यावर लिहिली, एकेका फेरीला एकेक जण. रंगवलेली किंवा तेलकट मडकी पाझरत नाहीत. विकत घेण्याआधी पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर घ्या. मुळांजवळ उसाचं पाचट किंवा केळीची वाळकी पानं पसरली तर ओल आणखी टिकते. त्यातूनच पुढच्या वर्षीचा प्रकल्प निघाला, पाचटाची ओळ आणि उघडी ओळ.

फवारणीबद्दल दोन ओळी. मुलांच्या हातात विषारी औषधाचा पंप द्यायचा नाही, कितीही कीड पडली तरी. निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीचं कूट. रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, संध्याकाळी फवारा. तेवढ्यावर जे जगेल ते जगेल.

आणि शाळेच्या कुंपणाला लागून कुणाचा केळीचा बाग असेल तर परसबागेत काकडी, गिलकी, मिरची, टोमॅटो लावण्याआधी त्या शेतकऱ्याला विचारा. माझी मावसबहीण रावेर तालुक्यात शिक्षिका आहे, तिनं न विचारता काकडीचे वेल चढवले. शेजारचे काका तावातावानं शाळेत आले, आणि त्यांचं बरोबर होतं. केळीवर हरण्या नावाचा रोग येतो तो काकडीवर्गातल्या विषाणूचा, आणि मावा तो विषाणू या वेलांवरून उचलून केळीवर नेतो. वेल उपटले. मुलांनी मग हरण्यावरच माहिती गोळा केली आणि काकांचीच मुलाखत घेतली.

कुठे न्यायचं

प्रकल्प झाला की त्याला साजेसा मांडव शोधायचा. उलटं करू नका.

परसबाग मोठी आणि सगळ्या शाळेची असेल तर पोषण आहार योजनेतली परसबाग स्पर्धा. तिथे वेगळेपणापेक्षा भाजी खरोखर मुलांच्या ताटात जाते का ते बघतात, म्हणून स्वयंपाकी ताईंकडे तोडणीची वही ठेवा. मोजमापाचा, गावच्या अडचणीवरचा प्रकल्प असेल तर राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. ती 1993 पासून चालू आहे, 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी. मुख्य विषय ते देतात, पण प्रश्न तुमच्या गावचा लागतो. माझी सगळ्यात आवडती स्पर्धा हीच. एखाद्या मुलाला काहीतरी नवीन जुगाड सुचलं असेल, बोरं तोडायची झेला काठी म्हणा की रोपं लावायचं सोपं अवजार, तर केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना. शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात मॉडेल करायला 10,000 रुपये येतात. खातं मुलाच्या नावावर आणि चालू असलं पाहिजे. आमच्या एका मुलाचं खातं बंद पडलेलं निघालं, ते सुरू करायला वडिलांना तीन दिवसांची मजुरी बुडवावी लागली. तेव्हा खातं जुलैतच तपासा. सहावी आणि नववीच्या हुशार मुलांना होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, पण तिथे लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पार केल्यावर मग प्रकल्पाची पाळी येते.

कृषी प्रदर्शनात भाजी-फळांच्या स्पर्धा असतात, त्याही सोडू नका. तिथे आमची पोरं सगळ्यात मोठं वांगं घेऊन जातात आणि हरतात. पाच वांगी मागितली असतील तर परीक्षक आधी बघतात ती पाचही एकसारखी आहेत का. मध्यम आकाराची, एका रंगाची, देठ हिरवा, डाग नाही. सकाळी उन्हाआधी कात्रीनं देठासकट तोडा, ओढून तोडू नका. वर तेल चोळू नका. कापडात एकेक गुंडाळून न्या, एसटीत मांडीवर.

अडलं तर जळगावचं केळी संशोधन केंद्र आहे, पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. मुलांना घेऊन जा. एका पोस्टकार्डाएवढ्या प्रश्नाला तिथल्या शास्त्रज्ञांनी आम्हाला पाऊण तास दिला होता. जाताना रोगट पान कागदात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते दुपारपर्यंत कुजतं.

टेबलावर

तक्ता मुलांच्या अक्षरात असावा. छापलेल्या फ्लेक्सवर तीनशे रुपये घालू नका, त्यात पाच मडकी येतात. टेबलावर दोन्ही ओळींतलं एकेक झाड ठेवा, सरासरीच्या जवळचं, निवडून काढलेलं सगळ्यात भारी नव्हे. वही उघडी.

पाठ करून घेऊ नका. आदल्या आठवड्यात दुसऱ्या वर्गातल्या मुलांना टेबलाभोवती उभं करून वाटेल ते विचारायला लावते. पाचवीची मुलं परीक्षकांपेक्षा वाईट प्रश्न विचारतात. उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं, याचा सराव मात्र जरूर घ्या : "ते आम्ही मोजलं नाही." एवढंच. त्यापुढे थापा मारल्या की बुडालं.

सगळ्यात शेवटी मी गेली काही वर्षं एक काम करते. प्रत्येक ओळीतलं सगळ्यात निरोगी झाड निवडून त्यावरचं एक वांगं तोडत नाही. त्याला लाल चिंधी बांधते, म्हणजे स्वयंपाकी ताई चुकून घेऊन जात नाहीत. ते फेब्रुवारीत पिवळं पडतं, मग तपकिरी. मऊ झालं की पाण्यात कुस्करायचं. तळाशी बसतं ते बी घ्यायचं, तरंगतं ते फेकायचं. सावलीत चार-पाच दिवस वाळवून कागदाच्या पुडीत ठेवायचं, वर जातीचं नाव आणि तारीख. संकरित पाकिटाचं बी असेल तर ठेवू नका, पुढच्या वर्षी कसलं वांगं येईल ते सांगता येत नाही. ही पुडी मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवते, वहीच्या शेवटच्या पानाला टाचून. जुलैत नवी सातवी येते तेव्हा तीच वही त्यांच्या हातात देते.